सरकारी वकील, पण कोणासाठी?

यिशुन म्हटलं की सिंगापूरमधले लोक हसतात. काही विचित्र घडलं की 'यिशुनच असणार' असं म्हणायची इथे पद्धत आहे. आम्हाला इथे सात वर्षं झाली. खरं सांगायचं तर भाजी आणायची, मुलांना शाळेत सोडायचं, एमआरटी पकडायची, इतकंच आमचं यिशुन. पण परवा लिफ्टपाशी एका मुलाने गाठलं आणि विचारलं, "दादा, इथे सरकारी वकील मिळतो का हो?"

मुलगा मराठवाड्यातला, पंचविशीचा, वर्क पासवर आलेला. आमच्याच ब्लॉकमध्ये चौघांत मिळून खोली घेऊन राहतो. ओळखीच्या एकाने दोन दिवस बँक खातं वापरायला मागितलं, याने दिलं. त्या खात्यातून कोणाचे तरी फसवणुकीचे पैसे फिरले. आता त्याच्यावर आरोप ठेवलाय, पासपोर्ट पोलिसांकडे आहे. खातं किंवा सिंगपास दुसऱ्याच्या हाती देणाऱ्यांसाठी इथे 2023 मध्ये कायदा आणखी कडक झाला. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

आधी शब्दाचा घोळ. आपल्याकडे 'सरकारी वकील' म्हणजे आरोपीच्या विरुद्ध उभा राहणारा. त्याला हवा होता तो बचाव करणारा. सिंगापूरमध्ये तसं कार्यालय आहे, पब्लिक डिफेंडर्स ऑफिस. ते डिसेंबर 2022 मध्ये सुरू झालं. त्याआधी 1985 पासून इथल्या लॉ सोसायटीची 'क्लास' नावाची योजना होती, तीत खासगी वकील स्वेच्छेने गरिबांच्या केसेस घ्यायचे. 2015 पासून सरकारने तिला पैसे द्यायला सुरुवात केली. म्हणजे बरीच वर्षं गरीब आरोपीचा बचाव हा वकिलांच्या चांगुलपणावर चालला होता.

नव्या कार्यालयातले वकील पूर्णवेळ सरकारी नोकरीत आहेत. कायदा मंत्रालयाकडून त्यांना महिन्याचा पगार मिळतो. केस एका तारखेत संपली काय किंवा वर्षभर चालली काय, त्यांच्या पगारात फरक नाही. मला हा यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग वाटतो. आमच्या धंद्यातसुद्धा कामाच्या नगावर पैसे मिळणारा माणूस आणि पगारी माणूस यांचं काम वेगळं दिसतं.

मदत मिळण्यासाठी घरातल्या माणशी मासिक उत्पन्नाची मर्यादा सुरुवातीला 1500 डॉलर ठरली. आधीच्या योजनेत ती 950 होती. चार माणसांच्या घरात मिळून 6000 डॉलर येत असतील तर ते बसतात. घराचं वार्षिक मूल्य, बचत, गुंतवणूक हेही बघतात आणि केसमध्ये मदत देण्यासारखं काही आहे का, तेही तपासतात. या सगळ्याआधी एक अट आहे: अर्जदार सिंगापूरचा नागरिक किंवा पीआर हवा. आमचा मुलगा तिथेच अडकला.

यातली गंमत म्हणा किंवा दुर्दैव, पण या कार्यालयाच्या चर्चेला जोर आला तो एका परदेशी बाईच्या खटल्यामुळे. पार्ती लियानी ही इंडोनेशियाची घरकाम करणारी बाई. तिचा मालक चांगी विमानतळ कंपनीचा अध्यक्ष. चोरीच्या आरोपाखाली 2019 मध्ये तिला 26 महिन्यांची शिक्षा झाली. सप्टेंबर 2020 मध्ये हायकोर्टाने ती रद्द केली. अनिल बालचंदानी या वकिलांनी फी न घेता तिची केस लढवली. तपास आणि खटला मिळून जवळजवळ चार वर्षं गेली, तेवढा काळ ती एका संस्थेच्या आश्रयाला होती. त्यानंतर नोव्हेंबरमध्ये संसदेत न्यायव्यवस्थेवर मोठी चर्चा झाली आणि कायदामंत्री षण्मुगम यांनी पब्लिक डिफेंडरचा विचार चालू असल्याचं सांगितलं. आज पार्ती लियानीवर तीच वेळ आली, तर त्या कार्यालयाचं दार तिलाही उघडणार नाही.

परदेशी माणसासाठी 'क्लास' आहे, तिथेही उत्पन्न आणि केस दोन्ही तपासतात. फाशीच्या गुन्ह्यात मात्र कोर्टच वकील देतं, तिथे उत्पन्न आणि नागरिकत्व विचारत नाहीत. मरण समोर असेल तर पासपोर्ट बघायचा नाही, हे सिंगापूरलाही मान्य आहे. मग त्याखालच्या शिक्षेला तो का बघायचा, ते मला समजत नाही. करदात्यांचा पैसा आपल्या लोकांवरच खर्च व्हावा, हा मुद्दा कळतो. पण कर मीही भरतो, तो मुलगाही भरत असेल. आणि त्याच्याविरुद्ध उभ्या राहणाऱ्या वकिलाचा पगारही त्याच तिजोरीतून जातो.

आता घराकडे बघू. 1978 च्या होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात सुप्रीम कोर्टाने गरीब कैद्याला मोफत वकील मिळण्याचा हक्क मानला. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम 12 तर फारच उदार आहे. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, कोठडीत असलेला कोणीही, यांना उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वर्षाला तीन लाखांची मर्यादा आहे. म्हणजे कोठडीतल्या परदेशी माणसालाही आपल्याकडे वकील मिळतो. कागदावर आपण सिंगापूरच्या पुढे आहोत!

घोडं अडतं ते पैशापाशी. माझा मामा गावाकडे वकील आहे, काही वर्षं पॅनेलवर होता. केसमागे ठरावीक, अगदी थोडी फी, तीही उशिरा. तो म्हणायचा, "फुकटचा वकील म्हणून पक्षकार विश्वास ठेवत नाही आणि माझा झेरॉक्सचा खर्चसुद्धा निघत नाही." तरुण वकील शिकण्यापुरते थांबतात आणि चार पक्षकार जमले की पॅनेल सोडतात. यावर उपाय म्हणून 2022 पासून देशभर जिल्ह्या-जिल्ह्यांत पूर्णवेळ बचाव वकिलांची योजना आणली आहे. खासगी वकिली करायची नाही, महिन्याला ठरलेलं मानधन घ्यायचं. दिशा सिंगापूरचीच आहे, फक्त नेमणूक कंत्राटी. आज आरोपीची बाजू मांडणाऱ्याला पुढच्या वर्षी आपण इथे असू का, हे माहीत नसतं.

त्या मुलाला घेऊन मी 'क्लास'चा अर्ज भरायला बसलो. पगाराच्या स्लिपा, बँकेचं स्टेटमेंट, आरोपपत्र. मध्येच त्याच्या वडिलांचा फोन आला. वकिलाला किती लागतात, दीड एकर काढू का, असं विचारत होते. मी म्हटलं, "काका, अजून काही विकू नका. अर्जाचं उत्तर येऊ दे." उत्तर अजून आलेलं नाही. पुढची तारीख मंगळवारची आहे, मी सुट्टी टाकली आहे.