नवउद्यमाचे पहिले भांडवल

१६ जानेवारी २०१६ रोजी केंद्र शासनाने 'स्टार्टअप इंडिया' मोहीम आरंभिली. शासनमान्य नवउद्यमांची संख्या आता लाखापुढे गेली असून त्यांत महाराष्ट्र अग्रभागी आहे. तथापि गुंतवणुकीचा ओघ मुख्यतः बंगळूर, दिल्ली, मुंबई याच दिशेने वाहतो. २०२१ साली तो दुथडी भरून वाहिला, पुढील दोन वर्षांत आटला. फैजपुरापर्यंत तो ना भरतीत पोहोचला, ना ओहोटीत.

आमच्या मते नवउद्यमाचे पहिले भांडवल बँकेतून येत नाही. ते घरातून, नात्यागोत्यातून, ओळखीतून येते. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात वाढलेल्या मुलीला केळीच्या खोडापासून धागा काढण्याचा उद्योग सुचेल. अनुसूचित जाती-जमाती व महिला उद्योजकांना १० लाख ते १ कोटी रुपयांचे कर्ज मिळावे म्हणून २०१६ साली 'स्टँड-अप इंडिया' योजनाही निघाली. परंतु अशा कर्जातही स्वतःचा काही वाटा उभारावा लागतो. शेतमजुराच्या लेकीने तो कोठून आणावा?

बाजार केवळ गुणवत्ता पाहतो, हे म्हणणे आम्हांस भाबडे वाटते. परदेशातून अर्थशास्त्र शिकून आलेल्या बाबासाहेबांनी मुंबईत शेअर व्यवहारांविषयी सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक फिरकेनासे झाले. ज्ञानात उणीव नव्हती. उणीव होती ती समाजाच्या विश्वासाची. तो विश्वास आपणच आपल्या माणसांना द्यावयाचा आहे. २००५ साली पुण्यात मिलिंद कांबळे यांनी स्थापिलेली 'डिक्की' ही त्याच वाटेवरील संस्था होय.

नोकरीच बरी, असे पालक म्हणतात, ते अनुभवाने. शासकीय नोकरीने आमची पिढी उभी केली, हे आम्ही विसरत नाही. परंतु प्रत्येक मुलासाठी आता तशी जागा नाही. घर गहाण टाकून साहस करा, असेही आम्ही म्हणत नाही. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करावयास सांगितले आहे: एक उपभोगासाठी, दोन व्यवसायासाठी, एक अडचणीसाठी राखून. व्यग्घपज्ज सुत्तात उद्यमशीलता, मिळविलेल्याचे रक्षण आणि समतोल राहणी यांच्या जोडीला कल्याणमित्रताही सांगितली आहे.

म्हणून आमची सूचना अशी: या निवासी शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी दरमहा यथाशक्ती रक्कम बाजूस काढून एक निधी उभारावा. त्यातून दरवर्षी दोन-तीन उद्योगांस पहिला वाटा द्यावा आणि हिशेब, कर, बाजारपेठ यांत जाणत्यांनी मार्गदर्शन करावे. अटी दोनच असाव्यात: हिशेब खुला आणि आजीविका सम्यक. मद्याचा वा फसवणुकीचा धंदा नको. प्रामाणिकपणे अपयशी ठरलेल्यास मात्र कोणी नावे ठेवू नयेत. त्यास दुसरी संधी द्यावी.

शाळेने आपणांस एका पंगतीत बसविले. त्या पंगतीचे ऋण केवळ देणगीने फिटत नाही. मागून येणाऱ्याच्या पाठीशी उभे राहिल्याने फिटते.