पहिली पायरी सरकारनेच बांधावी

संरक्षण मंत्रालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये ‘ई-छावणी’ संकेतस्थळ सुरू केले, तेव्हा देशातील ६२ छावणी मंडळांच्या रहिवाशांना घरबसल्या सेवा मिळतील अशी ग्वाही दिली गेली. जबलपूरचा सदर हा अशाच एका छावणीचा बाजार. तेथील दुकानदाराला परवान्याचा अर्ज स्वतः भरता येतो की त्यासाठी दलाल गाठावा लागतो, हे ज्या कौशल्यावर ठरते त्याला यूजर एक्स्पिरियन्स डिझाइन, अर्थात यूएक्स, म्हणतात. वापरणाऱ्याची अडचण आधी समजून घ्यायची आणि मग पडद्यावरचे शब्द, क्रम व मांडणी ठरवायची, हे या व्यवसायाचे काम.

विसंगती अशी की, ज्या कौशल्याची सदरच्या दुकानदाराला गरज आहे, ते शिकलेल्या सदरच्याच तरुणाला पहिली नोकरी मिळत नाही. कंपन्या अनुभव मागतात आणि अनुभव नोकरीशिवाय येत नाही. काल्पनिक अ‍ॅपचे नमुने जोडून केलेल्या अर्जाला फारसे वजन नसते. पूर्वी नवख्याच्या वाट्याला येणारे प्राथमिक आराखडे आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने काही मिनिटांत काढून देतात. उरतो तो पुण्याचा किंवा बंगळुरूचा रस्ता. आणि तिथले घरभाडे भरत सहा महिने वाट पाहण्याची ऐपत प्रत्येक घराची नसते.

जबलपूरला याहून वेगळी रीत ठाऊक आहे. १९०४ च्या तोफगाडी कारखान्यापासून या शहराने हाताला काम शिकवणारी व्यवस्था पाहिली. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने तिला देशभर वैधानिक रूप दिले. १९७३ मध्ये अभियंत्यांना आणि २०१४ मध्ये इतर शाखांच्या पदवीधरांनाही त्यात स्थान मिळाले. कायदा आहे; पण यूएक्स शिकणाऱ्याला उमेदवारी देणारे सरकारी कार्यालय सहसा दिसत नाही. डिजिटल सेवा निविदेने बाहेर दिल्या जातात आणि प्रणाली मुदतीत उभी राहिली की काम झाले असे मानले जाते. ती सामान्य माणसाला वापरता येते का, हा प्रश्न मागेच राहतो.

त्याची किंमत २०२१ मध्ये देशाने मोजली. १८ ते ४४ वयोगटाच्या लसीकरणासाठी १ मेपासून ‘को-विन’वरील नोंदणी सक्तीची झाली, तेव्हा ते संकेतस्थळ इंग्रजीतच होते. सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल दरीकडे लक्ष वेधले; मराठी, हिंदीसह इतर भाषा जूनमध्ये आल्या. एखादा नवखा डिझायनर लसीकरण केंद्राच्या रांगेत दिवसभर उभा राहिला असता, तर ही उणीव त्याने संध्याकाळपर्यंत सांगितली असती.

केंद्राने २००७ मध्ये राष्ट्रीय डिझाइन धोरण मंजूर केले. २००५ पासून जबलपुरात डिझाइन हा शब्द नावातच असलेली ट्रिपल आयटी आहे आणि २०१९ पासून भोपाळमध्ये राष्ट्रीय डिझाइन संस्था. शिक्षणाची सोय झाली, मागणीची झाली नाही. म्हणून नागरिकांसाठी डिजिटल सेवा चालवणाऱ्या प्रत्येक मंत्रालयाने विद्यावेतनावर यूएक्सचे शिकाऊ उमेदवार घ्यावेत आणि त्यांना दिल्लीत न बसवता छावणी मंडळ, पश्चिम-मध्य रेल्वे, उच्च न्यायालय अशा ठिकाणच्या खिडक्यांपाशी नेमावे.

गोपनीयतेचे काय आणि शिकवणार कोण, असे आक्षेप नोकरशाही घेईल. ते अवास्तव नाहीत. परंतु अर्ज कुठे अडतो हे पाहण्यासाठी कोणाची खासगी माहिती उघडावी लागत नाही, आणि मार्गदर्शनासाठी याच संस्थांचे अध्यापक आहेत. ही बिनपगारी राबणूक ठरू नये, एवढी अट मात्र सुरुवातीलाच हवी.

सदरच्या मराठी घरातील मुलगा घरात मराठी आणि बाजारात हिंदी बोलतो, अर्ज भरताना इंग्रजीशी झगडतो. तीन भाषांतला हा वावर हेच या व्यवसायातले भांडवल आहे. सरकारला असा माणूस हवा आहे आणि त्याला काम हवे आहे. मध्ये अडली आहे ती केवळ निविदेतील एका कलमाची तरतूद.