बेळ्ळंदूरचा मॅनेजर : मालक की पगारदार?

३० ऑगस्ट २०२२ रोजी पावसाने बंगळूरचा आउटर रिंग रोड तुंबला आणि बेळ्ळंदूर परिसरातील नोकरदार पाच-पाच तास रस्त्यात अडकून पडले. या रस्त्यावरील कंपन्यांच्या संघटनेने त्या एका दिवसाचा तोटा २२५ कोटी रुपये असल्याचे मुख्यमंत्र्यांना लेखी कळविले. कर्मचारी एक दिवस कचेरीत वेळेवर पोचला नाही तर एवढा तोटा होतो, याचाच अर्थ संपत्ती काचेच्या इमारतींतून नव्हे, तर त्यांत राबणाऱ्यांच्या श्रमातून निर्माण होते. ही कबुली मालकवर्गाने स्वतःच्या सहीनिशी दिली, हे बरेच झाले.

या राबणाऱ्यांत प्रोग्रॅम मॅनेजर नावाचा एक थर आहे. त्यात पुण्या-मुंबईहून, बेळगाव-कोल्हापुराहून गेलेले मराठी तरुणही आहेत. अनेक प्रकल्पांची मोट बांधणे, मुदत आणि खर्च यांचा मेळ घालणे, अडलेले काम मोकळे करणे, हे त्यांचे काम. अमेरिकेतील कचेरी उघडते तेव्हा येथे रात्र पडलेली असते; त्यामुळे दिवसभर तुकड्यांची कामे आणि रात्री वरिष्ठांना अहवाल, असा दुहेरी दिवस त्यांच्या वाट्याला येतो.

हे काम निरुपयोगी आहे असे कोणी म्हणू नये. ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात मार्क्सने वाद्यवृंदाला संचालक लागतो, हा दाखला देऊन सांगितले आहे की, अनेकांच्या एकत्र श्रमाला संयोजन हवेच. परंतु भांडवली उत्पादनात या संयोजनाला दुसरे अंग चिकटते : नफ्यासाठी श्रम पिळून घेण्याचे. प्रोग्रॅम मॅनेजरच्या एकाच खुर्चीत ही दोन्ही कामे बसविलेली आहेत. सकाळी तो सहकाऱ्यांची अडचण सोडवितो आणि संध्याकाळी त्यांच्यातील कोणाला ‘कमी’ करावयाचे याची यादी त्याच्याकडेच मागितली जाते.

आता त्याच्या पात्रतेचा प्रश्न. १९६९ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटने १९८४ पासून प्रकल्प व्यवस्थापकांसाठी ‘पीएमपी’ आणि २००७ पासून प्रोग्रॅम व्यवस्थापकांसाठी ‘पीजीएमपी’ ही प्रमाणपत्रे सुरू केली. ती एकदा मिळवून भागत नाही. दर तीन वर्षांनी ६० विकास-गुण जमवून आणि शुल्क भरून त्यांचे नूतनीकरण करावे लागते. ज्ञान वाढविण्यास विरोध असण्याचे कारण नाही. पण ज्या प्रशिक्षणाचा लाभ कंपनीला होतो, त्याचा खर्च आणि त्यासाठी लागणारे रविवार ज्याच्या पदरचे जातात, त्याला बदल्यात मिळते काय? नोकरीची हमी नव्हे, तर नोकरीच्या बाजारात उभे राहण्याची परवानगी! हे हत्यार आहे, ढाल नव्हे. ज्या दिवशी कंपनीला वेतनखर्च कापावयाचा असतो, त्या दिवशी ते प्रमाणपत्र कोणी विचारीत नाही.

जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने सुमारे १२ हजार कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. घाव मुख्यतः मधल्या व वरच्या श्रेणींवर होता. सप्टेंबर २०२४ मध्ये ॲमेझॉनच्या प्रमुखांनी मॅनेजरांच्या तुलनेत इतर कर्मचाऱ्यांचे प्रमाण किमान १५ टक्क्यांनी वाढविण्याचे फर्मान काढले होते. यादी करणाराच यादीत जाऊन बसला.

मराठी वाचकाला मुंबईच्या गिरण्यांतील जॉबर आठवावा. भरती, हजेरी, बदलीचे काम सारे त्याच्या मर्जीवर. मालकाची सत्ता मजुरापर्यंत त्याच्याच मुखाने पोचे. १९२८ मध्ये दोनऐवजी तीन माग चालविण्याची सक्ती आणि वेतनकपात यांविरुद्ध दीड लाख कामगार सुमारे सहा महिने संपावर राहिले. त्या लढ्यातून उभ्या राहिलेल्या गिरणी कमिट्यांनी जॉबरच्या मनमानीला आव्हान दिले. जॉबरला निदान भरतीवर दस्तुरी मिळे. आजच्या मॅनेजरला सत्तेचा आभास तेवढा मिळतो.

या आभासाची किंमत कायद्यात मोजावी लागते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार मुख्यतः व्यवस्थापकीय काम करणारा ‘कामगार’ ठरत नाही; देखरेखीचे काम करणाराही दरमहा १८ हजारांहून अधिक वेतन असेल तर वगळला जातो. म्हणूनच कंपन्या ‘मॅनेजर’ हे पदनाम सढळ हाताने वाटतात. तथापि १९८५ मध्ये सिबा-गायगी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पदनाम नव्हे, तर कामाचे मुख्य स्वरूप निर्णायक मानले होते. ज्याला कोणास नेमण्याचा वा काढण्याचा अधिकार नाही, जो केवळ तक्ते भरून वर पाठवितो, तो व्यवस्थापक कसला? शिवाय त्याच संहितेच्या कामगार संघटनांविषयीच्या प्रकरणापुरती उद्योगात नोकरीस असलेली प्रत्येक व्यक्ती कामगार मानलेली आहे. म्हणजे संघटनेचे दार मॅनेजरलाही उघडे आहे.

ते दार बँक अधिकाऱ्यांनी केव्हाच ओलांडले. कायद्याच्या व्याख्येबाहेर असूनही त्यांच्या संघटना बँकांच्या संघटनेशी वेतनाच्या वाटाघाटी करतात. बंगळुरातही २०१७ पासून आयटी कर्मचाऱ्यांची राज्यव्यापी संघटना, ‘केआयटीयू’, काम करीत आहे. २०१४, २०१९ आणि २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने या उद्योगाला स्थायी आदेशांच्या कायद्यातून पाच-पाच वर्षांची सूट दिली, तिला या संघटनेने विरोध केला. जुलै २०२४ मध्ये कामाचा दिवस चौदा तासांपर्यंत ताणण्याचा घाट घातला गेला, तेव्हा ती रस्त्यावर उतरली आणि तो प्रस्ताव अमलात येऊ शकला नाही.

सहकाऱ्यांच्या नावांची यादी करण्यास एकटा मॅनेजर नकार देऊ शकत नाही. दिलाच, तर उद्या त्याची खुर्ची रिकामी होते. संघटित मॅनेजर मात्र कपातीची कारणे लेखी मागू शकतो, रात्रीच्या बैठकांवर मर्यादा घालू शकतो, प्रशिक्षणाचा खर्च कंपनीच्या माथी मारू शकतो. आपण कोणाच्या बाजूचे, हे त्याने पदनामाकडे पाहून ठरवू नये. महिन्याच्या अखेरीस आपल्या हाती नफा पडतो की पगार, एवढेच त्याने पाहावे.