किशोरांच्या हाती रहस्यकथा द्याव्यात

मुले वाचीत नाहीत, ही तक्रार शिक्षकांच्या खोलीपासून कचेरीतल्या मधल्या सुटीपर्यंत सर्वत्र ऐकू येते. दोष बहुधा मोबाइलला दिला जातो आणि तो अगदीच अनाठायी आहे, असे नाही. परंतु ज्या पुस्तकांनी मागील पिढ्यांना वाचनाची गोडी लावली, ती आजच्या किशोरांच्या हाती पडतात काय, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. अकोटसारख्या तालुक्याच्या गावी मुलाला पुस्तक मिळण्याची मुख्य ठिकाणे दोन : शाळेचे कपाट आणि सार्वजनिक वाचनालय. तेथे थोरांची चरित्रे, बोधकथा आणि स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शके यांनाच बहुधा अग्रमान असतो. रहस्यकथा आणि अद्भुतकथा यांना जागा मिळालीच, तर ती अंग चोरून.

यामागे जुना पूर्वग्रह आहे. रहस्यकथा म्हणजे हलके वाङ्मय, असे सुशिक्षितांनी ठरवून टाकले. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या बाबुराव अर्नाळकरांना समीक्षकांनी आपल्या पंक्तीला बसविले नाही. परंतु त्यांच्या झुंजार आणि काळा पहाड यांच्यामागे धावता धावता असंख्य मराठी माणसांना पुस्तक हातावेगळे करण्याची सवय लागली, हे कसे नाकारता येईल? गंभीर ग्रंथांचे अनेक वाचक याच वाटेने आले आहेत.

रहस्यकथा वाचणारा मुलगा नुसता बसून नसतो. तो पुरावे गोळा करतो, संशयितांविषयी तर्क बांधतो, पुढच्या प्रकरणात तो तर्क कोसळला की नवा बांधतो. गणिताचा वा विज्ञानाचा शिक्षक याहून निराळे काय मागतो? अद्भुतकथेचेही तसेच आहे. तिचे जग काल्पनिक असले, तरी त्याचे नियम असतात आणि ते ध्यानात ठेवूनच पुढे जावे लागते.

मराठीत या प्रकारची साधनसंपत्ती अल्प नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहेच. फुरसुंगीचा हा किडकिडीत मुलगा शक्तीपेक्षा युक्तीने जिंकतो, म्हणून तो सामान्य घरातील मुलांना आपला वाटतो. भागवतांनीच ज्यूल व्हर्नच्या विज्ञानाद्भुत कादंबऱ्याही मराठीत आणल्या. सत्यजित राय यांचा गुप्तहेर फेलूदा अशोक जैन यांच्या अनुवादातून मराठी बोलू लागला आहे. थोड्या मोठ्या मुलांना नाथमाधवांची ‘वीरधवल’ द्यावी. तिची जुनी, भरदार भाषा कथेच्या ओढीने सहज पचते. जयंत नारळीकरांनी 1974 मध्ये टोपणनावाने विज्ञानकथा स्पर्धेत भाग घेतला आणि पारितोषिक मिळविले. त्यांची ‘वामन परत न आला’ ही कादंबरी नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना विचार करावयास लावील. नारायण धारपांच्या भयकथा मात्र वय पाहून, निवडूनच द्याव्यात.

एक उणीव मान्य केली पाहिजे. फास्टर फेणे प्रतापगडावर गेला. तसा वऱ्हाडातील गडावर घडणारा रहस्यप्रसंग येथील मुलांना क्वचितच वाचावयास मिळतो. अकोटच्या उत्तरेस सातपुड्यात नरनाळा उभा आहे. पंधराव्या शतकातील महाकाली दरवाजा, त्यावरील शिलालेख, नऊगजी तोफ आणि भोवतीचे मेळघाटचे अरण्य एवढी सामग्री कोणत्याही कादंबरीकारास पुरेशी आहे. 2017 मध्ये बंद पडलेल्या अकोट-खांडवा मीटरगेज मार्गावर, धूळघाटाजवळ, गाडी चढण चढण्यासाठी स्वतःभोवती वळसा घेत असे. तेथे एखादे रहस्य दडविण्याची बुद्धी वऱ्हाडी लेखकांना व्हावी.

पैशाची सबब येथे फारशी टिकत नाही. कापसाच्या भावावर वर्षाचे गणित बसविणाऱ्या घराने दरमहा कथापुस्तक विकत घ्यावे, अशी अपेक्षा व्यर्थ आहे. परंतु वाचनालयातील एकच प्रत वर्षात वीस-पंचवीस मुलांच्या हातून फिरू शकते. 1967 च्या कायद्यान्वये मान्यताप्राप्त वाचनालयांना शासनाचे अनुदान मिळते. त्या खरेदीत किशोरांसाठी ठरावीक हिस्सा राखून ठेवणे कार्यकारी मंडळांच्या हाती आहे. शाळांनी आठवड्याचा एक तास कपाट उघडून मुलांनाच निवड करू द्यावी. पुस्तक हरवले तर भरपाई शिक्षकाच्या माथी येते, या धास्तीने कपाटे बंद राहतात. म्हणून वापराने फाटलेल्या व गहाळ झालेल्या थोड्या पुस्तकांची सूट संस्थाचालकांनी आधीच मान्य करावी.

उद्या हीच मुले स्पर्धा परीक्षेला बसतील. तेथील दीर्घ उतारा पाहून ज्याला धाप लागते, तो मुलगा बुद्धीने नव्हे, सवयीने मागे पडतो. शहरातील मुलाला ही सवय घरच्या पुस्तकांतून लागू शकते. खेड्यातील मुलाला ती शाळेने आणि वाचनालयानेच लावली पाहिजे. शाळेच्या कपाटाचे कुलूप काढण्यास शासकीय आदेशाची वाट पाहावी लागत नाही.