कोयनानगरच्या बागांत रानहळद हवी

वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या कोयनानगरात गुलाबाचे वाफे जगवणे म्हणजे निसर्गाशी उगाच घेतलेले भांडण आहे. आल्याच्या कुळातली फुलझाडे मात्र याच पावसावर पोसलेली. म्हणून परगावच्या नर्सरीतून लाल आले आणि हेलिकोनिया आणण्याआधी इथल्या बंगल्यांनी आणि लॉजनी रानहळदीला जागा द्यावी, असे माझे ठाम मत आहे. पहिल्या सरींबरोबर ती जमिनीतून वर येते. हिरव्या पत्रांच्या एकेका खोबणीतून पिवळे फूल डोकावते आणि दांड्याच्या टोकाला गुलाबी-जांभळ्या पत्रांचा तुरा असतो. सोबतीला पांढऱ्या, चुरगळलेल्या रेशमासारख्या फुलांचा पेव लावला, तर पावसाळी बागेला आणखी काय हवे?

यावर कोणी म्हणेल, मग सोनटक्क्याने काय घोडे मारले? काहीच नाही. तो मूळचा पूर्व हिमालयाकडचा असला, तरी आपल्या परसात कधीच रुळला आहे. फक्त तो ओढ्याकाठी लावू नये. ब्राझील आणि हवाईत पाणथळ जागी त्याने स्थानिक झाडोरा दाबून टाकला आहे. त्याचाच हिमालयी भाऊबंद, पिवळ्या फुलांचा काहिली, तर जगातल्या शंभर घातक आगंतुक जातींच्या यादीत आहे. तो इथे आणूच नये. दुसरी तक्रार अशी की, पर्यटक दिवाळीनंतरही येतात आणि तोवर रानहळद वाळून जाते. हे खरेच आहे, पण गड्डा मातीत जिवंत असतो. मधल्या जागेत कोरांटी लावली की हिवाळ्याची सोय होते.

सगळ्यात गंभीर आक्षेप वेगळाच आहे: मागणी वाढली की लोक कुदळ घेऊन जंगलात शिरतील. ही भीती अनाठायी नाही. कोयना अभयारण्य १९८५ पासूनचे, २०१० पासून ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार तिथून परवानगीशिवाय झाड उपटणे गुन्हा आहे. पण केवळ बंदीने मागणी थांबत नाही, ती रोपवाटिकेकडे वळवावी लागते. सातारा-सांगलीच्या हळद उत्पादकाला हे काम नवे नाही. जेठे गड्डे राखून अक्षय्य तृतीयेच्या सुमारास लावायचे, हे तो पिढ्यान्‌पिढ्या करत आला आहे. रानहळदही गड्ड्यांवरच वाढते. वन विभागाने रीतसर परवानगीने थोडे बियाणे उचलून पाटण तालुक्यातल्या बचत गटांना द्यावे आणि त्यांनी वाढवलेली रोपे लॉजवाल्यांनी पावती घेऊनच विकत घ्यावीत.