अक्षर कोणत्या कुलुपांत ठेवावें?

गेल्या महिन्यांत आम्ही चार दिवस अमरावतीहून अकोल्यास पुतण्याकडे गेलों होतों. निमित्त घरगुतीच होतें. आमचे वडील बंधु, ज्यांस घरांत सर्वजण दादा म्हणत, यांनीं निवृत्तीनंतर मोठ्या हौसेनें संगणक घेतला आणि १९९९ सालीं आपल्या घराण्याचा वृत्तांत स्वतःच्या हातानें त्यांत लिहून ठेविला. दादा २०११ सालीं गेले. आतां पुतण्याच्या मुलीचें लग्न ठरलें, तेव्हां त्या वृत्तांताची लहानशी पुस्तिका छापून आप्तेष्टांस द्यावी, असें सर्वांच्या मनांत आलें. पुतण्यानें कपाटांतून दादांच्या तीन फ्लॉप्या काढिल्या, त्या वाचणारें एक जुनें यंत्र कोठून तरी पैदा केलें, आणि घरांतील लहानथोर सारे सत्यनारायणाच्या कथेस बसावें तसे त्या पडद्याभोंवतीं बसलों.

पडद्यावर जें उमटलें त्यांत मराठी अक्षर एकहि नव्हतें. इंग्रजी अक्षरें, त्यांच्या डोक्यावर टिंबें आणि टोप्या, मध्येंच पौंडाचें चिन्ह! पुतण्या म्हणाला, “काका, मजकूर शाबूत आहे, तो वाचण्याची किल्ली तेवढी हरवली आहे.”

हा प्रकार कशानें झाला, तें त्यानें आम्हांस समजावून दिलें. वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं असाच ठेवा पडलेला असेल, म्हणून येथें सांगतों. संगणक अक्षर म्हणून कांहींच ठेवीत नाहीं; प्रत्येक अक्षराचा एक क्रमांक ठेवितो. इंग्रजी अक्षरांचे क्रमांक पूर्वींच ठरलेले होते. देवनागरीसाठीं भारतीय मानक ब्यूरोनें १९९१ सालीं ‘इस्की’ ही संहिता मान्य केली, आणि सर्व जगाच्या लिप्यांसाठीं योजिलेल्या युनिकोडची पहिली आवृत्तिहि त्याच वर्षीं निघाली. परंतु बाजारांत जे मराठी फाँट मिळत, त्यांतील बहुतेकांनीं इंग्रजी अक्षरांच्याच जागीं आपलीं अक्षरचित्रें बसविलीं होतीं, आणि तींहि ज्यानें त्यानें आपल्या मर्जीप्रमाणें. एकाच्या घरीं जेथें ‘क’, तेथें दुसऱ्याच्या घरीं ‘ढ’. तो विशिष्ट फाँट यंत्रांत आहे तोंवर सर्व ठीक. फाँट गेला कीं मजकूर असून नसल्यासारखा.

युनिकोडांत ही भानगड नाहीं. ‘क’चा क्रमांक २३२५ आणि आमच्या ‘ळ’चा २३५५, मग यंत्र अचलपूरचें असो वा अमेरिकेचें. आणखी एक गंमत पाहावी. क, ख, ग, घ, ङ हे २३२५ पासून २३२९ पर्यंत ओळीनें बसलेले आहेत. कंठ्य आधीं, मग तालव्य, मग मूर्धन्य. जो क्रम आम्हीं उभा जन्म फळ्यावर लिहिला, तोच यंत्राच्या पोटांत पाहून जुन्या मास्तरास किती बरें वाटलें म्हणून सांगावें!

किल्लीचें नांव निघालें तेव्हां आम्हांस आपल्या जिल्ह्यांतील ऋद्धपूर आठवलें. लीळाचरित्राशीं ज्याचें नांव जोडलेलें तेंच हें गांव; आतां तेथें मराठी भाषा विद्यापीठहि निघालें आहे. महानुभाव पंथीयांनीं आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेविले. त्यामुळें मराठीचें तें आद्य गद्य पंथाबाहेरील लोकांस शेंकडों वर्षें अज्ञात राहिलें. विसाव्या शतकाच्या आरंभीं राजवाडे, भावे यांच्यासारख्या संशोधकांच्या परिश्रमानें तें उजेडांत येऊं लागलें. पण महानुभावांनीं तें कुलूप जाणूनबुजून लाविलें होतें, आणि किल्ली गुरूकडून शिष्याकडे जात होती. आम्हीं मात्र नकळत कुलूप लाविलें आणि किल्ली दुकानदाराजवळ राहूं दिली.

दादा मोठे व्यवस्थित. फ्लॉपीच्या वेष्टनावर त्यांनीं फाँटचें नांव शाईनें लिहून ठेविलें होतें! तेवढ्या आधारावर पुतण्यानें जुना मजकूर युनिकोडांत आणणारी सोय शोधिली. पुष्कळसें लेखन सरळ आलें; कांहीं जोडाक्षरें बिघडलीं, तीं आम्हीं तीन रात्रीं बसून दुरुस्त केलीं. आजोबांच्या मुंजींत ‘आचाऱ्यांना पांच रुपये दिले’ असें दादांनीं लिहिलें होतें. यंत्रानें तेथें ‘आचार्यांना’ करून टाकिलें. आचाऱ्याचे पैसे आचार्यास मिळाले याचा मास्तरास आनंद व्हावा हें खरें, परंतु घराण्याचा वृत्तांत खोटा होऊन कसें चालेल?

दोन फ्लॉप्यांचें असें निभावलें. तिसरी मात्र उघडलीच नाहीं. तिच्यावर बुरशी चढली होती. तिच्यांत आमच्या आत्याबाईंनीं सांगितलेल्या आठवणी होत्या. दादा त्यांच्यापुढें रोज तासभर बसून त्या टिपून घेत. आतां आत्याबाई नाहींत आणि दादाहि नाहींत.

यंत्रांचें कौतुक आम्हांस नाहीं असें कोणीं समजूं नये. मूर्तिजापूर तालुक्यांतील मुरंबा गांवचे डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें १९९१ सालीं ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला, तेव्हां वऱ्हाडचा मनुष्य म्हणून आमचीहि मान ताठ झाली होती. पण त्या महासंगणकाहून अधिक गणनशक्ति आज पोरांच्या खिशांतील मोबाईलांत असते. यंत्रानें जुनें होणें हा त्याचा धर्मच आहे. त्याच सी-डॅकनें भारतीय लिप्या संगणकाच्या पडद्यावर आणण्याचें जें काम केलें, त्याचें मोल आम्हांस ‘परम’हून कमी वाटत नाहीं. म्हणून नवें यंत्र घेतांना मुलें त्याचा वेग विचारतात, फोटो किती मावतील तें विचारतात, तेव्हां वडील माणसांनीं आणखी एक प्रश्न विचारावा: यांत लिहिलेलें उद्यां दुसऱ्या यंत्रांत वाचतां येईल ना?

हल्लीं कृत्रिम बुद्धिमत्तेची चर्चा घरोघरीं चालते. पुतण्याची मुलगी मोबाईलला मराठींत प्रश्न करिते आणि तो मराठींत उत्तर देतो, हें आम्हीं प्रत्यक्ष ऐकिलें. हीं यंत्रें उपलब्ध लिखाण वाचून शिकतात, आणि त्यांना वाचतां येईल असें मराठी लिखाण इंग्रजीच्या मानानें फारच थोडें. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हां सर्वांनीं पेढे वांटले. परंतु जी मराठी आमच्याच कपाटांत कुलूपबंद पडली आहे, ती आमच्या नातवांस मिळत नाहीं, तर यंत्रास कोठून मिळणार?

यासाठीं आमची सूचना साधी आहे. येत्या सुट्टींत घरांतील एखाद्या जाणत्या मुलास जुन्या फ्लॉप्या, तबकड्या व फाईली तपासण्यास सांगावें. जें उघडेल तें युनिकोडांत आणावें, दोन निरनिराळ्या ठिकाणीं ठेवावें, आणि एक प्रत कागदावर छापून देवघराच्या कपाटांत ठेवावी. कागदास किल्ली लागत नाहीं.

आमची पुस्तिका छपाईस गेली आहे. तिच्या शेवटीं दोन पानें कोरीं सोडण्यास आम्हीं सांगितलें आहे. लग्नास आलेल्यांपैकीं ज्यांना आत्याबाईंचें जें कांहीं आठवेल, तें त्यांनीं तेथें शाईनें लिहावें.