वेल्श लोकांचीं नांवें व त्यांचे अर्थ

‘शाकुंतला’चें इंग्रजी भाषांतर १७८९ सालीं प्रसिद्ध करणारे सर विल्यम जोन्स आमच्या वाचकांस अपरिचित नाहींत. परंतु ‘जोन्स’ हें त्यांचें आडनांव मुळांत त्यांच्या आजोबांचें पाळण्यांतलें नांव होय, हें थोड्यांसच ठाऊक असेल. त्यांचे वडील वेल्स देशांतील अँगलसी बेटावर जन्मले. वर्तुळाच्या गणितांत ‘पाय’ हें चिन्ह १७०६ मध्यें प्रथम योजणारे गणिती ते हेच. आजोबांचें नांव शोन, म्हणजे इंग्रजींतील जॉन. जॉनचा तो जोन्स, इतकाच त्या प्रख्यात आडनांवाचा अर्थ!

जुन्या वेल्समध्यें कायमचें आडनांव नसे. मुलगा स्वतःच्या नांवानंतर ‘अप्’ म्हणून बापाचें नांव सांगे. मुलगी ‘वेर्ख’ म्हणे, आणि लग्नानंतरही तेंच नांव चालवी. ‘माब’ म्हणजे मुलगा व ‘मेर्ख’ म्हणजे मुलगी. संधींत आपल्याकडे शब्दांच्या सांध्यावर वर्ण बदलतात. वेल्श भाषेंत शब्दाचें पहिलें व्यंजनच प्रसंगीं रूप पालटतें. म्हणून ‘मेर्ख’ची ‘वेर्ख’ झाली, व ‘माब’चा आद्य वर्ण झिजून ‘अब्’ किंवा ‘अप्’ उरला. १२८२ मध्यें लढाईंत पडलेला स्वतंत्र वेल्सचा शेवटचा अधिपति लेवेलिन अप् ग्रिफिद अप् लेवेलिन. नातवास आजोबांचें नांव ठेवण्याची चाल आपलीच आहे असें समजण्याचें कारण नाहीं!

१५३६ च्या कायद्यानें वेल्स इंग्लंडांत विलीन झाला व न्यायालयाची भाषा इंग्रजी ठरली. पुढें हळूहळू इंग्रजी धर्तीचीं कायम आडनांवें रूढ झालीं, आणि ‘अप्’ बापाच्या नांवास चिकटून बसला. अप् र्‍हीसचा ‘प्राइस’, अप् हवेलचा ‘पॉवेल’, अब् ओवेनचा ‘बोवेन’ झाला. १९४८ मध्यें ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू करणारे मंत्री अनायरिन बेव्हन यांच्या आडनांवांतील ‘ब’ हा असाच लपलेला ‘मुलगा’ आहे. इतरांचे जोन्स, डेव्हिस, इव्हान्स झाले. आणि एकेका गांवांत इतके जोन्स झाले कीं, ‘दूधवाला जोन्स’, ‘पाववाला इव्हान्स’ असें धंद्यावरून ओळखण्याची पाळी आली.

आडनांवें अशीं परक्या वळणावर गेलीं तरी पाळण्यांतल्या नांवांत वेल्श भाषा टिकून राहिली. ‘ग्विन’ म्हणजे पांढरा, व तसाच मंगल, स्त्रीलिंगीं ‘ग्वेन’. आपल्या ‘शुभ्र’ आणि ‘शुभ’ या शब्दांचा धातूही एकच आहे. ‘ब्रान’ म्हणजे डोमकावळा. त्यापुढें ‘ग्वेन’ येऊन जुन्या कथांतील राजकन्या ब्रान्वेन हिचें नांव झालें. कावळ्यास मंगल मानणारें हें नांव आपल्या आजीबाईंस रुचेल कीं नाहीं, कोण जाणे! ‘सेरेन’ म्हणजे तारका, ‘ऐरा’ म्हणजे हिम, ‘अंगहारद’ म्हणजे अतिशय लाडकी.

२०२१ च्या शिरगणतींत वेल्समधील तीन वर्षांवरील लोकांपैकीं शेंकडा १७.८ जणांनींच वेल्श बोलतां येतें असें सांगितलें. तरीही घरीं इंग्रजी बोलणारे कित्येक आईबाप मुलीस ‘सेरेन’ म्हणून हांक मारतात, आणि कांहीं कुटुंबांनीं टाकलेला ‘अप्’ पुन्हां उचलला आहे. घरांतून भाषा जाऊं लागली म्हणजे नांव हा तिचा शेवटचा शब्द उरतो. तो शब्द मुलीच्या ओठीं आहेच. त्याचा अर्थ तिला सांगणारें कोणी घरांत असलें, तर तेथूनच भाषेस परत येण्याची वाट मोकळी राहते.